खाऱ्या पाण्याच्या टाकीतला पांढरा ठिपका: मासे वाचवायचे तर ते टाकीबाहेर काढा

टँग माशाच्या पंखावर दोन-चार पांढरे ठिपके दिसतात. चार-पाच दिवसांनी ते दिसेनासे होतात आणि मासा पुन्हा नीट खायला लागतो. नेमकी इथेच फसगत होते. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नाही. परजीवी माशावरून उतरून वाळूत आणि खडकांवर जाऊन बसलेला असतो. आठवड्या-दोन आठवड्यांत तो कित्येक पटींनी वाढून परततो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत एकामागून एक मासे जायला लागतात.

या रोगाला मरीन इक म्हणतात. तो ज्याच्यामुळे होतो त्या एकपेशीय जीवाचं नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. हा लेख मुख्यतः त्याच्यावरच आहे, कारण घरच्या टाकीत सर्वाधिक गाठ त्याच्याशीच पडते. त्याच्यासारखे दिसणारे, पण औषध वेगळं लागणारे इतर परजीवी ओघात येतीलच.

आधी त्याचं वेळापत्रक

हे वेळापत्रक डोक्यात बसलं की उपचार पाठ करावे लागत नाहीत.

परजीवीचं पोहणारं पिल्लू माशाला चिकटतं आणि कातडीच्या वरच्या थराखाली शिरतं. तिथे ते 3 ते 7 दिवस खात वाढतं. आपल्याला दिसतो तो ठिपका हाच. कातडीच्या आड असल्यामुळे पाण्यात टाकलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की, बहुतेकदा अंधारात, ते मासा सोडतं, काही तास तळाशी सरपटतं आणि वाळूला, खडकाला, काचेला किंवा शंखाच्या पाठीला चिकटून स्वतःभोवती कोष करतं. या कोषाची भिंत इतकी जाड असते की मासे जिवंत ठेवून वापरता येईल असं कुठलंच औषध आत शिरत नाही. कोषात एकाचे अनेक होतात, आणि एका कोषातून शे-दोनशे पिल्लं बाहेर पडू शकतात. काही कोष तिसऱ्या दिवशी फुटतात, बहुतेक चार आठवड्यांच्या आत. पण 72 दिवसांनी फुटलेल्या कोषांचीही नोंद आहे. बाहेर आलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतं.

म्हणजे चार अवस्थांपैकी फक्त एकच, पाण्यात मोकळं पोहणारं पिल्लू, औषधाच्या तावडीत सापडते. सगळे कोष फुटून सगळी पिल्लं मरेपर्यंत उपचार चालू राहिला पाहिजे. ठिपके दिसेनासे होणं ही थांबायची खूण नव्हेच.

गोड्या पाण्याच्या छंदातून आलेल्यांची इथे हमखास गल्लत होते. दुकानदारही तोच सल्ला देतो: हीटर 30 अंशांवर ठेवा, खडे मीठ टाका, निळं औषध घाला. गोड्या पाण्यातला इक हा इक्थिऑफ्थिरिअस नावाच्या वेगळ्याच जीवाचा. मीठ त्याला सोसत नाही, आपला परजीवी तर मिठाच्याच पाण्यात जन्मलेला. पाणी तापवून इथे परजीवी मरत नाही, उलट विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, आणि कल्ले सुजलेल्या माशाला नेमकी त्याचीच गरज असते.

लसणाचा रस, क्लीनर श्रिंप (माशांचं अंग साफ करणारी कोळंबी), यूव्ही दिवा यांबद्दल लगेच सांगून टाकतो. लसणाने कधीकधी मासा खायला लागतो. यूव्हीमुळे पाण्यातली काही पिल्लं मरतात. श्रिंप कातडीखालचा परजीवी काढू शकत नाही. यातलं काहीही उपचार नाही. कोरलला धक्का न लावता टाकीतच इक बरा करण्याचा दावा करणाऱ्या बाटल्यांवरही माझा विश्वास नाही. जे औषध या पिल्लांना खात्रीने मारतं, ते श्रिंप आणि कोरलना सहसा सोडत नाही.

नक्की काय झालंय ते ओळखा

टाकीचा दिवा बंद करून टॉर्च बाजूने, तिरका धरा. समोरून मारलेल्या प्रकाशात बारीक थर दिसत नाही. इकचे ठिपके रव्याच्या कणाएवढे, सुटे आणि मोजता येण्यासारखे असतात. आधी पारदर्शक पंखांवर उठून दिसतात. मैदा भुरभुरल्यासारखा बारीक, सोनेरी झाक असलेला थर दिसला तर तो व्हेल्व्हेट, म्हणजे अमायलूडिनियम हा दुसरा परजीवी. व्हेल्व्हेट आधी कल्ल्यांवर बसतो. त्यामुळे पुष्कळदा अंगावर काही दिसायच्या आत मासा धापा टाकायला लागतो, पॉवरहेडच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड धरून उभा राहतो, उजेड टाळतो, खाणं सोडतो. असं दिसलं तर उद्यावर ढकलू नका. व्हेल्व्हेट दोन-तीन दिवसांत अख्खी टाकी रिकामी करतो.

क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरट बुळबुळीत थर साली निघाव्यात तसा सुटत असेल तर ब्रुकलिनेला हा परजीवी. डोळे धुरकट, मासा मान झटकतोय, अंग घासतोय, पण ठिपके नाहीत, तर बहुधा फ्लूक म्हणजे चपटे कृमी. आणि पंखाच्या कडेला एकच ओबडधोबड गाठ आठवडेच्या आठवडे जागची हलत नसेल तर तो लिम्फोसिस्टिस हा विषाणू. त्याला औषध नाही, चांगलं खाणं आणि स्वच्छ पाणी यांवर तो बहुतेकदा आपणच ओसरतो.

श्वास मोजायची सवय लावा. मासे निरोगी असतानाच प्रत्येकाच्या कल्ल्यांची मिनिटाला किती उघडझाप होते ते वहीत लिहून ठेवा. प्रत्येक जातीचा आकडा वेगळा असतो. आजारपणात तुलना करायला हाताशी दुसरं काही नसतं.

हॉस्पिटल टँक उभा करा

एका माशावर ठिपके दिसले तरी सगळे मासे बाहेर काढून उपचारापुरत्या वेगळ्या टाकीत, म्हणजे हॉस्पिटल टँकमध्ये, ठेवायचे. ज्यांच्यावर काही दिसत नाही त्यांच्या कल्ल्यांत परजीवी असू शकतो, आणि मागे राहिलेला एकच मासा कोषांमधून येणाऱ्या पिल्लांना महिनोन्‌महिने पोसत राहतो.

दोन-चार लहान माशांना दोन फुटी टाकी पुरते. मोठ्या टँगला जास्त जागा लागते. तळ उघडा ठेवा. वाळू, खडक, कोरलचे तुकडे काही नको, कारण औषध म्हणून घालायचं तांबं ते शोषून घेतात आणि मात्रा हाती लागत नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो आणि टी टाका. स्पंज फिल्टर, एअर पंप, हीटर, थर्मामीटर आणि झाकण लागेल. घाबरलेला मासा उडी मारतो. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात बॅटरीवरचा एअर पंप आधीच आणून ठेवा. मे महिन्यात हीटरची नाही, पाण्यावर वारा सोडणाऱ्या पंख्याची गरज पडते. पाणी 25-26 अंशांवर राहिलेलं बरं. बाष्पीभवनाची भर मात्र साध्या आरओ पाण्यानेच करायची, खाऱ्या नाही.

पाण्याबाबत दोन गोष्टी. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरमध्ये बहुधा चव आणण्यासाठी थोडं नळाचं पाणी परत मिसळायची किंवा खनिजं घालायची सोय असते, म्हणून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजल्याशिवाय ते वापरू नका. आणि किनाऱ्यावर राहणारे समुद्राचं पाणी आणत असतील तर निदान या टाकीसाठी आणू नये. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाजवळ खारेपणा कोसळतो, शिवाय त्या पाण्यातून नवे परजीवी येऊ शकतात. आरओ पाण्यात टाकीसाठीचं समुद्री मीठ मिसळूनच पाणी बनवा.

टाकीत खरोखर किती पाणी आहे ते मोजा. 60 सेंटिमीटर लांबी, 30 रुंदी आणि पाण्याची उंची 30 असेल तर 54,000 घनसेंटिमीटर, म्हणजे 54 लिटर. दुकानात सांगितलेल्या लिटरवर औषधाची मात्रा काढू नका.

हॉस्पिटल टँकमध्ये मासे परजीवीपेक्षा अमोनियाने जास्त सहज मरतात. नवीन टाकीत जिवाणू नसतात. त्यासाठी एक जादा स्पंज नेहमीच सम्पमध्ये (मोठ्या टाकीच्या फिल्टरच्या टाकीत) पडू द्यावा. रोज अमोनिया तपासा, प्रतिलिटर 0.25 मिलिग्रॅम दिसला की त्याच दिवशी पाणी बदला. उरलेलं खाणं दहा मिनिटांत सायफनने काढा. बारीक चिरलेली ताजी कोळंबी, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), टँगसाठी नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), थोडं थोडं आणि दिवसातून दोन-तीनदा.

तांब्याचा उपचार

व्हेल्व्हेट असेल, किंवा इक की व्हेल्व्हेट हे ठरत नसेल, तर तांबंच वापरा. दोन्हींवर चालतं.

बाजारात तांब्याची औषधं वेगवेगळ्या जातींची मिळतात आणि त्यांचे आकडे एकमेकांत मिसळले की मासे मरतात. कॉपर पॉवरसारख्या, तांबं सेंद्रिय रेणूत बांधलेल्या औषधाची मात्रा 2.25 ते 2.5 मिलिग्रॅम प्रतिलिटर. क्युप्रामाइन या दुसऱ्या जातीच्या औषधाची 0.5 मिलिग्रॅम. पहिल्याचा आकडा दुसऱ्याला लावला तर पाचपट विष होतं. हाती असलेल्या बाटलीची जात कोणती, आणि आपलं टेस्ट किट ती मोजतं का, हे औषध घालण्याआधी तपासा. बांधलेल्या तांब्यासाठी हॅनाचा हाय रेंज डिजिटल चेकर फार उपयोगी पडतो. काचेच्या नळीतला निळा रंग कार्डाशी जुळवून 2.0 आणि 2.5 यांतला फरक सांगणं डोळ्यांना जमत नाही, आणि सगळा खेळ त्या फरकाचाच आहे.

कोकणात सुपारीवर बोर्डो फवारणाऱ्यांच्या घरी मोरचूद असतंच, आणि तेही तांबंच की, असं मनात येतं. ते नको. मोरचुदाचं मोकळं तांबं 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात ठेवावं लागतं. खाऱ्या पाण्यात ते भराभर खाली बसतं, म्हणून दिवसातून दोनदा मोजावं लागतं. शेतीच्या मोरचुदात आणखी काय मिसळलंय याचीही खात्री नसते.

मात्रा एकदम चढवू नका. पहिल्या दिवशी निम्म्याहून कमी, मग दोन-तीन दिवसांत पूर्ण. व्हेल्व्हेटमध्ये एवढा वेळ नसतो, तिथे चोवीस तासांत पूर्ण मात्रेवर यावं. मात्रा चढताना मासा खाणं टाकतो. इक असेल तर तिथेच एक दिवस थांबा, तो पुन्हा खायला लागला की पुढे. सुरुवातीच्या आठवड्यात ठिपके वाढलेले दिसू शकतात. ते आधीच कातडीखाली असलेले परजीवी मोठे होत असतात. घाबरून मात्रा वाढवायची नाही.

पूर्ण मात्रा गाठल्यापासून 30 दिवस मोजा, आणि रोज तांबं तपासा. मध्ये एखादा दिवसही पातळी खाली घसरली तर मोजणी पुन्हा एकपासून. पाणी बदलताना नव्या पाण्यात तेवढ्याच लिटरची मात्रा आधीच मिसळायची. 20 लिटर काढलं तर 20 लिटरची, 54 ची नव्हे. कार्बन (औषध शोषून घेणारा फिल्टरचा कोळसा), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि यूव्ही बंद. आणि हे नीट लक्षात ठेवा: तांबं पाण्यात असताना प्राइमसारखी अमोनिया बांधणारी औषधं घालायची नाहीत. त्यांनी तांब्याचं रूप बदलून ते माशांना कितीतरी जास्त विषारी होतं. अमोनिया वाढला तर पाणी बदलणं हाच मार्ग.

मँडरिन आणि ड्वार्फ एंजल या माशांना तांबं जड जातं, शार्क आणि रे यांना तर अजिबात देऊ नये. शंख, श्रिंप, कोरल कुठल्याही कारणाने या टाकीत येता कामा नयेत.

औषधाशिवाय: दर 72 तासांनी टाकी बदलणे

इकच आहे याची खात्री असेल आणि मासे लहान असतील तर मला हीच पद्धत सर्वांत आवडते. तांबं मोजायचं चांगलं साधन हाती नसेल तर हीच करा.

सगळ्यात लवकर फुटणाऱ्या कोषालाही सुमारे तीन दिवस लागतात. त्याआधीच मासे दुसऱ्या, कोरड्या आणि स्वच्छ टबमध्ये हलवले, तर माशावरून उतरलेले परजीवी मागे राहतात आणि त्यांच्या पिल्लांना मासा मिळत नाही. असे चार बदल, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी मासा नव्या पाण्यात जातो. तोवर अंगावरचा शेवटचा परजीवीही उतरून गेलेला असतो.

दोन प्लॅस्टिकचे टब, दोन एअर स्टोन, दोन हीटर, पाइपचे दोन संच, एवढ्यावर भागतं. 30 लिटरचा टब धरला तर पाच वेळांचं 150 लिटर पाणी, साधारण साडेपाच किलो मीठ. नव्या पाण्याचा खारेपणा आणि तापमान आधीच्या टबशी जुळलेलं हवं. 72 तास ही कमाल मर्यादा आहे. थोडं लवकर हलवलं तर चालेल, उशीर चालत नाही. मासा कमीत कमी पाण्यासह उचला. मागचा टब आणि त्यातली प्रत्येक वस्तू ब्लीचच्या पाण्यात धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. जुन्या टाकीतला स्पंज इथे वापरायचा नाही, त्यावरच कोष असू शकतात. इथे तांबं नसल्यामुळे अमोनिया बांधणारं औषध मात्र बिनदिक्कत वापरता येतं.

व्हेल्व्हेटवर ही पद्धत चालत नाही, त्याचं वेळापत्रकच वेगळं आहे.

खारेपणा उतरवणे

पाण्याचं विशिष्ट गुरुत्व 1.025 वरून 1.009 पर्यंत, दोन-तीन दिवसांत, आणि शेवटचा ठिपका गेल्यापासून चार आठवडे तिथेच. मासे हे आश्चर्यकारक सहजपणे सोसतात. पण 1.011 वर उपचार फसू शकतो, त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) प्रमाणित द्रावणावर तपासलेलाच हवा. पीएच घसरतो, तो खाण्याच्या सोड्याने सावरावा लागतो. खारेपणा परत चढवताना आठवडाभर घ्या. उतरण्यापेक्षा चढणं माशाला जास्त त्रासाचं. इकच्या काही जाती या कमी खारेपणातही तगल्याचं आढळलंय, आणि व्हेल्व्हेटला तर याने काही होत नाही, म्हणून माझ्या लेखी हा तिसरा पर्याय.

फ्लूक आणि ब्रुकलिनेला

फ्लूकचा संशय असेल तर गोड्या पाण्यातली अंघोळ निदानही करते आणि आरामही देते. आरओ पाणी तासभर जोरात हवा सोडून ठेवा, तापमान टाकीइतकं करा, पीएच सोड्याने 8.2 च्या आसपास आणा. काळ्या किंवा गडद टबात मासा पाच मिनिटं ठेवा आणि शेजारून हलू नका. एरवी काचेसारखे पारदर्शक असणारे कृमी दोन-तीन मिनिटांत दुधी पांढरे होतात, डोळ्यांवर आणि कपाळावर अचानक दिसायला लागतात, आणि एकेक करून तळाशी पडतात. मासा आडवा होऊन परत सावरला नाही तर लगेच बाहेर काढा. त्यानंतर हॉस्पिटल टँकमध्ये प्रॅझिक्वांटेल 2.5 मिलिग्रॅम प्रतिलिटर, 54 लिटरला 135 मिलिग्रॅम, आणि आठवड्याने दुसरी मात्रा, कारण अंड्यांवर औषध चालत नाही. या काळात हवा भरपूर सोडा.

ब्रुकलिनेलावर तांबं निरुपयोगी. 37 टक्के फॉर्मेलिन प्रतिलिटर 0.15 मिलिलिटर, वेगळ्या टबात, जोरदार हवेसह 30 ते 45 मिनिटं, मासा डोळ्यांसमोरून हलू न देता, आणि लगेच स्वच्छ टाकीत. फॉर्मेलिन कर्करोगकारक आहे: हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि मुलं घराबाहेर. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ती वापरू नका, तो माशांना आणखी विषारी. हा रोग बहुधा समुद्रातून पकडलेल्या क्लाउनफिशबरोबर येतो. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास यशस्वी केलेली आहे आणि टाकीत जन्मलेले मासे मिळतात. तेच मागून घ्या.

मोठी टाकी: मासे नसलेले दिवस

मासे काढलेली मोठी टाकी माशांविना ठेवायची: 72 दिवसांचा कोष आणि वर चार दिवस, असा 76 दिवसांचा हिशोब आहे. पाणी 27 अंशांच्या वर स्थिर असेल तर कोष लवकर फुटतात आणि 45 दिवस पुरतात असं मानणारे बरेच आहेत. ज्यांच्या टाकीत महागडे मासे आहेत त्यांना मी 76 च सांगतो. कोरल, श्रिंप, शंख सगळे तिथेच राहतील. दिवे, स्किमर, पाणी बदलणं नेहमीप्रमाणे. जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून चिमूटभर खाणं अधूनमधून टाका. या काळात नवीन कोरल किंवा शंख आणलात तर त्या दिवसापासून मोजणी पुन्हा सुरू, कारण कोष त्यांच्यावर बसूनही येतो.

दोन्ही टाक्यांना जाळी, सायफन, बादली वेगवेगळी ठेवा. रंगीत टेप लावा म्हणजे घरातल्या कुणाचीही चूक होणार नाही. शक्यतो खोलीही वेगळी असू द्या. एअर पंपाच्या बुडबुड्यांनी उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून व्हेल्व्हेटची पिल्लं काही मीटर जाऊ शकतात. तांब्याचं पाणी झाडांना किंवा ओढ्यात न टाकता मलवाहिनीच्या नाळीत सोडा.

औषधाचे 30 दिवस संपले तरी मोठी टाकी तयार व्हायला अजून वेळ असतो. कार्बन लावून तांबं काढा आणि उरलेले दिवस मासे साध्या पाण्यात, बारकाईने पाहत काढा. काही उलटायचं असेल तर ते इथेच उलटू द्या. परत सोडताना आधी लाजरे, मग भांडखोर, आणि पावडर ब्लू टँगसारखा इकला सगळ्यात आधी बळी पडणारा मासा अगदी शेवटी, इतर मासे दोन आठवडे नीट खाताना दिसल्यावर. यापुढे येणारा प्रत्येक नवा मासा आधी महिनाभर याच हॉस्पिटल टँकमध्ये राहील, त्यामुळे तो मोडीत काढू नका. धुऊन, वाळवून तयार ठेवा, आणि स्पंज परत सम्पमध्ये टाकायचा झाला तर तांब्यातला तो जुना नव्हे, नवाच टाका.